सुटं येणारं, घरी जोडायचं फर्निचर : ५९१ पिनवाल्यांनी (बेळगाव जिल्हा) कुठून घ्यावं?

मलप्रभाकाठ
नमस्कार री मंडळी. खानापूरच्या घरासाठी तीन वस्तू घ्यायच्यात : तीन दारी कपाट, पुस्तकांचं शेल्फ आणि मुलीच्या अभ्यासाचं टेबल. सपाट पेटीत येणारंच हवंय. जिना २ फूट ४ इंचांचा, मध्ये वळण. तयार कपाट वर चढणार नाही. भिंती चिऱ्याच्या, वर मातीचा गिलावा. जून ते सप्टेंबर घरात ओल. बजेट तिन्ही मिळून ४५ हजार. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी किंवा ऑनलाइन, कुठूनही चालेल. भरवशाचं दुकान सांगा, पण का तेही सांगा. नुसतं "मस्त आहे, घेऊन टाका" नको.

टिळकवाडी_पहिला_गेट
सुतार बोलवा, बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) प्लाय आणा. धागा संपला.

खुंटी_आणि_पाचर
धागा संपत नाही ओ, सुतार यायचा असतो ना.

उद्यमबागी
दुकानाच्या नावाआधी पाटीवरचे शब्द वाचायला शिका. "इंजिनिअर्ड वूड" हा शब्द काहीच सांगत नाही. त्यात पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड), एचडीएचएमआर (त्याचाच जास्त घट्ट, ओल सोसणारा प्रकार), प्लाय सगळं येतं. सुतार ज्याला भुशाचा बोर्ड म्हणतो तो पार्टिकल बोर्ड, आणि पेटीतलं बहुतेक स्वस्त फर्निचर त्याचंच. तो वाईट नाही, पण त्याची घनता साधारण ६०० ते ६८० किलो प्रति घनमीटर. एमडीएफ ७०० ते ७५०. एचडीएचएमआर ८३० च्या पुढे. घनता जास्त तितका स्क्रू घट्ट धरतो आणि पाणी हळू पितो.

विक्रेत्याला पहिला प्रश्न : बोर्ड कुठला, किती मिलीमीटर, आणि आयएस (भारतीय मानकाचा) नंबर काय? दोन्ही बाजूंना लॅमिनेट लावून येणाऱ्या पार्टिकल बोर्डाला (प्री-लॅम) आयएस १२८२३, साध्या एमडीएफला आयएस १२४०६. आयएसआय खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. उत्तर "सर, प्रीमियम क्वालिटी आहे" असं आलं तर पुढचं दुकान.

गणपत_गल्ली_२
आयएस नंबर विचारला तर बेळगावातला सेल्समन पाणी आणून देतो आणि मालकाला बोलावतो. मालक चहा सांगतो. नंबर काय येत नाही.

उद्यमबागी
@गणपत_गल्ली_२ मग वजन विचारा. ते तर गोडाऊनच्या पावतीवर असतंच.

हिशोब सोपा आहे. १८० सेंमी उंच, १२० रुंद, ५० खोल असं तीन दारी कपाट धरा. दोन बाजू आणि मधली उभी फळी मिळून २.७ चौ.मी., वरखालच्या फळ्या १.२, पाच कप्पे साधारण ०.९, दारं २.१६. एकूण ७ चौ.मी. धरा. बोर्ड खरोखर १८ मिमी आणि ६८० घनतेचा असेल तर ७ × ०.०१८ × ६८० = साधारण ८६ किलो. ३ मिमीची पाठफळी आणि लोखंडी सामान धरून नव्वदीच्या वर जायला हवं. त्याच मापाचं कपाट कोणी एकूण ६५ किलो सांगत असेल तर बोर्ड १५ मिमीचा हलका आहे, किंवा कप्पे चित्रात आहेत, पेटीत नाहीत. ऑनलाइन पानावर वजन बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं. लोक फोटो बघतात, वजन बघत नाहीत.

वडगावची_वीण
हे भारी हाय. कपाट आता बटाट्यासारखं तोलून घ्यायचं.

टिळकवाडी_पहिला_गेट
सगळं मान्य, पण खानापुरात भुशाचा बोर्ड म्हणजे दोन पावसाळे. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस माहीत असलेला माणूस पार्टिकल बोर्ड घेणार नाही. सुताराला सरळ सांगायचं : १८ मिमी बीडब्ल्यूआर, आतून ०.८ चं लायनर लॅमिनेट, बाहेरून १ मिमी, विषय संपला. नुसता "एमआर" लिहिलेला प्लाय मात्र घेऊ नका. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा. पाणी सोसणारा नव्हे.

चिरेबंदी
@टिळकवाडी_पहिला_गेट पाऊस पडतो घरावर, कपाट असतं घरात. पार्टिकल बोर्ड फुगतो तो हवेतल्या ओलीने कमी, बुडाच्या उघड्या कडेतून जास्त. फरशी पुसताना पाणी खालच्या कडेला लागतं, तिथून चढतं. पुढच्या कडेला दिसण्यासाठी पट्टी लावलेली असते, बुडाची कड मात्र कित्येक जण कोरीच ठेवतात. शोरूममध्ये वाकून, बोट फिरवून बघा. ऑनलाइन असेल तर "चारही कडांना एज बँड आहे का" हे लेखी विचारा. दाराच्या कडेला २ मिमी पीव्हीसी आणि बाकी ०.८ असेल तर उत्तम. कागदी पट्टी असेल तर सोडा.

कड कोरी निघाली तरी उपाय आहे. जोडण्याआधी बुडाच्या कडेला मेलामाइन किंवा पीयू वार्निशचे दोन हात, आणि खाली प्लास्टिकचे बुश ठोका. त्याहून चांगलं म्हणजे ३-४ इंचांचे पाय असलेलं मॉडेल निवडा. भिंतीपासून दोन-तीन सेंमी अंतर ठेवा. चिऱ्याच्या भिंतीला चिकटवलं की पाठफळीला आतून बुरशी येते, मग ती प्लायची असो की भुशाची. आणि वाळवी लागली तर प्लायही खाते, तिला आयएस नंबर वाचता येत नाही.

खुंटी_आणि_पाचर
सुतार चांगला की पेटी, हा वाद करताना एक गोष्ट विसरतोय. मूळ प्रश्न जिन्याचा आहे. सुतारही खोलीतच जोडणार. फरक इतकाच, की सुतार खिळे आणि फेव्हिकॉल मारतो, म्हणजे ते कपाट त्या खोलीतून परत निघणार नाही. भाड्याच्या घरात, बदलीच्या नोकरीत पेटीतलं बरं.

आणि सुटं करून नेण्याची ही कल्पना स्वीडनच्या फर्निचरवाल्यांची एकट्यांची नव्हे. त्यांनी १९५६ साली टेबलाचे पाय काढून गाडीत घातले म्हणतात. आपल्याकडे गणपतीचं लाकडी मखर दरवर्षी माळ्यावरून उतरतं, खुंट्यांवर उभं राहतं, विसर्जनानंतर परत गाठोड्यात जातं. जुन्या पलंगाच्या फळ्यापण खाचेत बसायच्या. फक्त माहितीपत्रक नसायचं, आजोबा असायचे.

निपाणीचा_पाव्हणा
आणि मखराचा एक तुकडा दरवर्षी हरवतो, हेही अगदी तसंच.

गणपत_गल्ली_२
सुताराचं कन्नड ऐकलंय का? "नाळे बरतीनी." उद्या येतो. जुन्या गावात भूत येऊ नये म्हणून दारावर "नाळे बा" लिहायचे, इथे सुतारच ते लिहून गेलाय.

वडगावची_वीण
😂😂 बडिगेर (सुतार) लोक वाचत असतील बरं.

स्क्रू_नंबर_आठ
सुट्या फर्निचरचा जीव जोडात असतो, त्यावर कोणी बोललं नाही. तीन प्रकार. मिनिफिक्स : १५ मिमी व्यासाची जस्त-मिश्रधातूची चकती आणि तिच्यात अडकणारा बोल्ट. कन्फर्मॅट : ७ × ५० मिमीचा जाड आट्यांचा स्क्रू, ४ मिमीच्या एल-कीने बसणारा. आणि ८ मिमीची लाकडी खुंटी, जी वजन धरते आणि फळी सरळ ठेवते. चांगल्या कपाटात प्रत्येक जोडाला मिनिफिक्स आणि खुंटी दोन्ही असतात. नुसते मिनिफिक्स आणि खुंटी नाही, तिथे पैसे वाचवलेत.

विक्रेता निवडताना हे का महत्त्वाचं? १५ चं मिनिफिक्स, ३५ मिमी वाटीची बिजागरी, ५ मिमी भोकातली कप्प्याची पिन, ड्रॉवरचं ४५ मिमीचं टेलिस्कोपिक चॅनेल, हे बेळगावातल्या कुठल्याही बऱ्या हार्डवेअर दुकानात मिळतं. काही ब्रँड स्वतःच्याच आकाराचे जोड वापरतात. दिसायला सुरेख, जोडायला सोपे. पण एक तुटला की त्या कंपनीच्या सुट्या भागांवाचून चालत नाही, आणि तो भाग बेंगळुरूहून यायला लागतो. आपल्या भागात नेहमीचं हार्डवेअर हीच खरी वॉरंटी.

उद्यमबागी
+१. भोकंही बघा. एका ओळीत ३२ मिमी अंतराने ५ मिमीची भोकं म्हणजे माल सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) छेदलाय. अंतर कमीजास्त, कडा फुटलेल्या, म्हणजे हातमशीन. बेळगावसारख्या कास्टिंगवाल्या गावात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) कुणाकडेही मागून मिळतो, शोरूमला घेऊन जा. १८ म्हणून विकलेला बोर्ड १६ भरला तर तिथेच कळेल.

निपाणीचा_पाव्हणा
व्हर्नियर घेऊन शोरूमला. चहाही मिळणार नाही आता.

कोर्टाची_पायरी
खरेदी कुठल्या राज्यातून, हा आपल्या भागाचा खास प्रश्न. कोल्हापुरातून घेतलं तर कर वाढत नाही. लाकडी फर्निचरला १८ टक्केच. दुकानातूनच उचललं तर सीजीएसटी-एसजीएसटी, बेळगावला पोचवायचं बिल केलं तर आयजीएसटी, बेरीज तीच. मालाची किंमत ५० हजारांवर गेली की राज्य ओलांडायला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागतं, ते विक्रेत्याकडून काढून घ्या, नाहीतर कोगनोळी नाक्यावर गाडी उभी राहते. मलप्रभाकाठ यांचं बजेट त्याखाली आहे, पण पक्कं बिल गाडीत हवंच.

खरी अडचण कर नव्हे, दुरुस्तीला येणारा माणूस. कोल्हापूरच्या डीलरचा फिटर ४१६ च्या पिनला फुकट जातो, ५९१ म्हटलं की "सर, ते कर्नाटकात येतं". हे बिलावर लिहून घ्या : जोडणी आणि वॉरंटीची सेवा अमुक पत्त्यावर.

तक्रारीची वेळ आलीच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. म्हणजे बेळगावातच, विक्रेता मुंबईचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. साइटवर त्या अधिकाऱ्याचं नाव-फोन सापडत नसेल तर तिथून ४५ रुपयांचंही काही घेऊ नका.

चिरेबंदी
यात भर : पेट्या उतरवताना बाजूला "१/३, २/३, ३/३" मोजा. कोपरा दबलेला असेल तर सही करायच्या आधी पावतीवर "पेटी फुटलेली" असं लिहा आणि फोटो काढा. नंतरच्या फोटोला कोणी विचारत नाही. पेटी फोडतानाचा व्हिडिओ सलग हवा. ट्रान्सपोर्टवाला माल खालीच टाकून जातो. लांब फळ्यांची पेटी ३५-४० किलोची असते, दोन माणसं वेगळी सांगून ठेवा.

बी_आर_टी_एस_हुबळी
आयकिया, तीच स्वीडनवाली कंपनी, कोणी म्हणलं नाही अजून? बेंगळुरूचं दुकान नागसंद्राला, तुमकूर रोडवर. २०२२ साली उघडलं. बेळगावहून हायवेने गेलं तर शहरात शिरायलाच लागत नाही, गावाच्या अलीकडेच.

टिळकवाडी_पहिला_गेट
५०० किलोमीटर "अलीकडेच".

स्क्रू_नंबर_आठ
तिथला माल नमुना म्हणून बघण्यासारखा आहे, पण घरपोच मिळतं का हे आधी पिन टाकून बघा, आणि मोठ्या कपाटाच्या दोन मीटरच्या पेट्या कारच्या डिकीत बसत नाहीत. शिवाय तिथल्या ड्रॉवरच्या कपाटासोबत भिंतीला बांधायची पट्टी येते, ती फेकू नका. २०१६ साली अमेरिकेत त्याच कंपनीने जवळपास २ कोटी ९० लाख ड्रॉवर-कपाटं परत बोलावली होती, कारण न बांधलेली कपाटं पुढे कलंडून लहान मुलं गेली. कारण सरळ आहे : सगळे खण एकदम उघडले की वजन पुढे येतं. हे कुठल्याही कंपनीच्या कपाटाला लागू. विक्रेता भिंतीची पट्टी देतो का, ही पण एक परीक्षाच.

मलप्रभाकाठ
भिंतीचं बोललात ते बरं. चिऱ्यात आणि मातीच्या गिलाव्यात पट्टी धरते का?

चिरेबंदी
धरते, पण पेटीत येणारा ३० मिमीचा प्लग फेकून द्या. तो गिलाव्यातच राहतो. ८ मिमी जाडीचा, ८० ते १०० मिमी लांब प्लग घ्या, म्हणजे गिलावा सोडून निदान ५० मिमी चिऱ्यात जाईल. भोक दोन चिऱ्यांच्या सांध्यात नको, चिऱ्याच्या मध्यावर घ्या. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. चिरा मऊ, हॅमरने भोक मोठं होतं आणि प्लग फिरत राहतो. भोकातली धूळ फुंकून काढा. तरी ढिला वाटला तर केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारं रसायन), नाहीतर भोकात सिमेंट भरून एक दिवस वाळवा.

वडगावची_वीण
पुस्तकांच्या शेल्फकडे कोणी बघणार का? कपाटावरच अडकलाय सगळे.

उद्यमबागी
शेल्फला फळीची लांबी बघा, बाकी रंग तुमचा. पुस्तकं दाटीने लावली की एका मीटरला ३० किलो सहज. फळीचा झोल (मध्ये वाकणं) लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ६० सेंमीची फळी ९० ची केली की झोल दीडपट नव्हे, पाचपट. जाडीच्या बाबतीत घनाने कमी होतो : १८ ऐवजी २५ मिमी घेतली तर झोल अडीच-पावणेतीन पट कमी. म्हणून १८ मिमीच्या भुशाच्या बोर्डाला ६० सेंमी, फार तर ७०. ऑनलाइन दिसतं ते ९० सेंमी रुंद, १५ मिमी जाड शेल्फ फुलदाणी आणि दोन बाहुल्यांसाठी असतं. पाठफळी फक्त खिळ्यांवर असेल तर ती कप्प्याला आधार देत नाही. प्रत्येक कप्प्यालाही मागून दोन-तीन खिळे मारा, फरक पडतो.

खुंटी_आणि_पाचर
जोडताना काय चुकतं ते मी लिहितो, कारण निम्म्या "खराब मालाच्या" तक्रारी तिथून येतात.

पेट्या आल्या की दोन दिवस खोलीत उघडून ठेवा. सगळे भाग यादीशी ताडून मगच पहिला स्क्रू. चकती बसवताना तिच्यावरचा बाण बोल्टच्या भोकाकडे हवा. उलटा बसला तर बोल्ट आत जातच नाही आणि लोक हातोडी काढतात. चकती अर्धा फेरा फिरते, तिथे थांबायचं. ड्रिल मशीन तर अजिबात नको, जस्ताची चकती कट्‌कन तुटते. सगळे जोड आधी सैल लावून घ्या, शेवटी आवळा.

मग सांगाडा पालथा, जमिनीवर. दोन्ही कर्ण मोजा. २ मिमीच्या आत फरक असेल तरच पाठफळी ठोका, खिळे १५ सेंमीवर एक. कपाटाला डोलण्यापासून थांबवते ती ही ३ मिमीची पाठफळी, बाकी कोणी नाही. ती तिरक्या सांगाड्यावर ठोकली की दारं जन्मभर मिळत नाहीत, आणि दोष बिजागरीवर येतो. जमिनीवर पाडून जोडलेलं १८० चं कपाट उभं करताना छताला लागतं, ते गणितही आधी : १८० उंच आणि ५० खोल म्हणजे कर्ण १८७. जुन्या माळ्याखाली ही उंची बघा.

भोक मोकळं झालं, स्क्रू नुसता फिरतोय, तर काड्यापेटीच्या काड्या हा एका दिवसाचा उपाय. ८ मिमीने भोक मोठं करा, खुंटी फेव्हिकॉलने बसवा, रात्रभर ठेवा, पुन्हा ५ मिमीने छेदा.

टिळकवाडी_पहिला_गेट
बरं, माघार. पण टेबल तरी सुताराकडून करा.

स्क्रू_नंबर_आठ
टेबलाला उलट पेटीतलंच चांगलं, फक्त पाय लोखंडी आणि वरची फळी २५ मिमीची बघा. मागे दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी नसेल तर लिहिताना टेबल हलणार. मुलीसाठी आहे तर बोर्ड ई-१ दर्जाचा आहे का विचारा. ई-२ म्हणजे फॉर्मल्डिहाइड जास्त, पेटी उघडली की डोळे चुरचुरतात. टेबल आलं की तीन-चार दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. दोन विक्रेत्यांना एकच निरोप पाठवला : बोर्ड कुठला, जाडी, एकूण वजन, चारही कडांना पट्टी, मिनिफिक्स कितीचं, ५९१३०२ ला फिटर येतो का. पहिल्याने कपाट ६४ किलो सांगितलं, बाकीला "प्रीमियम". दुसऱ्याने ९३ किलो, १८ मिमी प्री-लॅम, आयएस १२८२३, पाय ४ इंच. फिटर बेळगावहून येईल, जाण्यायेण्याचे ६०० वेगळे. किंमत दुसऱ्याची साडेतीन हजारांनी जास्त.

उद्यमबागी
९३ वाला. ६०० बिलावर लिहून घ्या.

स्क्रू_नंबर_आठ
एक राहिलं. तीन दारी कपाटात मधल्या उभ्या फळीवर दोन दारं येतात, त्या फळीला अर्ध्या झाकणीची (दार फळीची अर्धीच कड झाकेल अशी) बिजागरी लागते, बाजूंना पूर्ण झाकणीची. पेटीत सगळ्या एकसारख्याच टाकलेल्या असतात ही नेहमीची चूक, मग दारं एकमेकांना घासतात. सहा फुटी दाराला चार बिजागऱ्या, तीन नव्हे. दोन्ही विचारा.

मलप्रभाकाठ
विचारलं. दाराला तीनच देतात म्हणे, चौथी आपण लावू शकतो का?

स्क्रू_नंबर_आठ
लावता येते. ३५ मिमीचा बिट, दाराच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंतचं अंतर बाकी तीन बिजागऱ्यांचं असेल तेच, बहुधा ४-५ मिमी. खोली १२ च्या पुढे नको, बोर्ड १८ चा आहे. बिटाला टेप गुंडाळून खूण करा. चौथी वरच्या बिजागरीच्या जवळ लावा, ओढ तिथे जास्त असते. आणि जोडणी पावसाची उघडीप बघून, दार-खिडक्या उघड्या टाकून करा.